आईपान

गाठ सोडायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. नमुना क्रमांक दोनशे सतरा. खाकी कागदाची पिशवी, तोंड दुमडलेलं, वर सुती दोरा. बाकीच्या पिशव्यांना कोणी रबर लावतं, कोणी पिन मारतं, एक बागायतदार तर दरवर्षी बुटाची जुनी नाडी बांधून पाठवतो. पण या दोऱ्याला आठाच्या आकड्यासारखी गाठ होती आणि गाठीत एक बोट जाईल एवढी जागा सोडलेली होती. कागदाच्या पिशवीला अशी जागा सोडायचं काही कारण नाही. ती सोडतात द्राक्षाच्या वेलीची फांदी तारेला बांधताना, कारण फांदी पुढे जाड होणार असते आणि घट्ट बांधली तर दोरा सालीत रुततो. मात्र ज्याच्या बोटांना लहानपणापासून ही एकच गाठ माहीत आहे, तो पिशवीलाही तीच बांधतो. माझ्या बुटांना तीच असते, म्हणून माझे बूट दिवसातून दोनदा सुटतात आणि बायको रस्त्यात थांबून माझ्याकडे बघत राहते. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, ही गाठ दोघांनाच शिकवली होती, मला आणि ताईला. ही मी बांधलेली नव्हती.

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मी दोऱ्यावरून बहिणीची बाग गाठली. खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. भट्टी मंद घुरघुरत होती, खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचं यंत्र कोणाच्या तरी दाढेत फिरत होतं आणि मी एक साधी पिशवी हातात धरून चोरी पकडली गेल्यासारखा उभा होतो. आमच्या प्रयोगशाळेत द्राक्षाच्या पानांचे देठ तपासतात. वेलीला काय कमी पडतंय ते देठात दिसतं, माणसाचं रक्तात दिसतं तसं. पिशव्या खालच्या खिडकीत येतात, तिथली बाई नाव-गाव काढून घेते आणि नुसता क्रमांक वर पाठवते. तपासणाऱ्याला नाव कळू नये, असा नियम आहे आणि चांगला नियम आहे. बावीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही. आजही मोडला नव्हता, पण त्या बोटभर जागेतून नाव आपणहून आत आलं होतं.

ताईने हा नमुना मला न सांगता पाठवला, कारण तसंच ठरलं होतं. गेल्या वर्षी आम्ही तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जेवणाच्या टेबलावरच हे सगळं झालं. भाऊजी म्हणाले, "मेहुणे, दोन वर्षं झाली, मी हिचं ऐकतोय. खताचं एक पोतं बागेत आणलेलं नाही. हिने ओळींच्या मध्ये शेंगांची पिकं पेरली, फुलावर आली तशी मातीत गाडली. छाटणीच्या काड्या कुजवल्या, शेण कुजवलं, बाटलीतले जिवाणू आणून मुळांशी ओतले. पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली, मी गप्प बसलो. दुसऱ्या वर्षी माल कमी आला, तरी गप्प बसलो. आता तुमच्या यंत्राने सांगावं." ताईने ताटातून मान वर केली आणि मला विचारलं, "तुमची रेघ कुठली?" मी म्हणालो, "फुलोऱ्यात देठातलं नायट्रेट पाचशेच्या वर हवं. खाली गेलं की वेल उपाशी." "मग पाचशे," ताई म्हणाली. "पुढच्या फुलोऱ्याला तपासू. खाली आलं तर खुशाल पोती आणा, मी तोंड उघडणार नाही. वर आलं तर पुन्हा पोत्याचं नाव काढायचं नाही." भाऊजींनी मान डोलावली. ते शब्दाचे पक्के आहेत आणि ताई त्यांच्याहून पक्की आहे, त्यामुळे तिथे कागदावर काही लिहायची गरज पडली नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू मध्ये नकोस, कंडक्टर. कधी पाठवीन ते तुला सांगणार नाही."

कंडक्टर म्हणजे मी. घरात मला हेच नाव आहे. बायकोने लग्नानंतर विचारलं होतं, हे काय नाव? मी म्हणालो, लहानपणी बसचं वेड होतं. ते खरंच होतं, पण अर्धंच.

मी पिशवी उघडली. ओल्या फडक्याने पुसून घेतलेले, वितीपेक्षा लहान, पोपटी देठ. मोजले. ऐंशी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ताईची कामं अशीच असतात. ते मी भट्टीत ठेवले. दुपारपर्यंत खोलीत तो वास पसरला, वाळत्या गवताचा आणि किंचित आंबटसर, जो मला आता माझ्याच कपड्यांचा वाटतो. आणि त्या वासात बसून मला एक गोष्ट कळली, जी तीन वर्षं मी स्वतःपासून लपवून ठेवली होती. ताईने हरू नये असं मला वाटत होतं.

याचं मलाच नवल वाटलं, कारण ताईच्या या सगळ्या खटाटोपाची सगळ्यात जास्त चेष्टा मीच केली होती. माझ्या टेबलाच्या खणात दोन शिक्के आहेत. एकावर 'समाधानकारक', दुसऱ्यावर 'नत्र कमी, खताची मात्रा वाढवावी'. दुसऱ्याची मूठ माझ्या तळव्याने झिजून गुळगुळीत झाली आहे. ताईने जिवाणूंच्या पहिल्या बाटल्या आणल्या तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो, "अगं, वेलीला बाटलीने दूध पाजल्यासारखं करते आहेस." ती म्हणाली, "हस तू." मग मीच न राहवून विचारलं, "कुठल्या पाण्यात मिसळते आहेस?" "नळाच्या." "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. सगळे मरतील ते. पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेव, मग मिसळ." मग ती म्हणाली, "पहिली खेप मारलीच म्हणायची मी. बघ, तुला सगळं माहीत आहे आणि वर हसतोस." त्यानंतर ती दर खेपेला फोन करून सांगायची, पाणी उघडं ठेवलं हं. मी हो म्हणायचो. म्हणजे चेष्टा करता करता मी तिच्या कटात सामील झालो होतो आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आप्पा होते आणि आता ताईची असलेली बाग त्यांच्याकडे होती, तेव्हा ते वेलीचं पान दोन बोटांत धरून कानाजवळ नेत आणि हलकेच दाबत. त्यातून काय ऐकू येई ते मला कधी कळलं नाही. मग म्हणत, "जेवलीय." किंवा म्हणत, "उपाशी आहे," आणि संध्याकाळी खोरं घेऊन त्या ओळीकडे जात. मला इथे नोकरी लागली, मी घरी पहिला अहवाल नेला, शिक्का मारलेला, आणि त्या वर्षापासून आप्पांनी पान कानाजवळ नेणं सोडलं. मी गेलो की विचारायचे, "काय म्हणतंय तुझं यंत्र?" यंत्र म्हणायचं, मात्रा वाढवा. ते वाढवायचे. मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा. मुलगा शिकला, बापाने ऐकलं, यात वाईट काय? आता भट्टीसमोर बसून मला ते दोन बोटांत धरलेलं पान दिसत होतं आणि वाटत होतं की मी त्यांचा एक कान बंद केला. ताईला हे मी कधी बोललो नाही. ती फक्त एकदा म्हणाली होती, "आप्पांच्या वेळची माती हाताला चिकटायची रे. आता नुसती पायाखाली असते." गेल्या वर्षी तिने मला बागेत नेऊन मूठभर माती हातावर ठेवली. काळी, ओलसर, आणि तिच्यात एक गांडूळ घाईघाईने दुसरीकडे निघालेलं. मी हात धुतला तरी नखांत ती दोन दिवस राहिली.

संध्याकाळी घरी बायको म्हणाली, "भाजीत मीठ दोनदा घातलंस." ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नाही. मी नाव न घेता म्हणालो, "एका नमुन्याचं टेन्शन आहे." "तुला? नमुन्याचं?" तिने ताट बाजूला सारलं आणि पावाचे दोन तुकडे भाजून आणले. आम्ही ते खिडकीत बसून खाल्ले. खाली रस्त्यावर दिवे लागत होते, समोरच्या गच्चीवर कोणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, आणि डोक्यात तो नमुना असूनही मला बरं वाटत होतं. या वयात एखाद्या आकड्याने आपली भूक घालवावी, हे एका अर्थी चांगलंच लक्षण आहे, असं मी मनाशी म्हणालो. मग पुन्हा मनात आलं, पाचशे.

दुसऱ्या दिवशी देठ दळले, चाळले, अर्क काढला आणि यंत्राला लावला. तीनशे दहा.

मी पुन्हा लावला. तीनशे पाच. यंत्र बरोबर होतं, ते नेहमीच बरोबर असतं, तोच तर त्याचा उद्धटपणा आहे. माझा हात सवयीने खणाकडे गेला आणि शिक्क्याची गुळगुळीत मूठ तळव्यात आली. शाईला टेकवायचा, कागदावर मारायचा, खाली सही. एक क्षणाचं काम. त्या क्षणाच्या पलीकडे मला दिसत होतं की भाऊजी ट्रॅक्टर जोडून पोती आणायला निघालेत आणि ताई तोंडातून शब्द न काढता ओळींमधली शेंगांची रोपं उपटते आहे. ती खरंच तोंड उघडणार नव्हती. तीन वर्षं कुजवलेल्या, गाडलेल्या, उघड्या पिंपांत ठेवलेल्या सगळ्यावर एक निळा शिक्का. कागदावर पेन्सिलीने तीनचा पाच करायला काही लागत नाही, हेही मनात आलं. आलं आणि गेलं, पण आलं होतं हे मी नाकारत नाही. मी शिक्का खाली ठेवला आणि उरलेली मोजणी पूर्ण करायला घेतली, कारण अहवालाला सगळे रकाने लागतात आणि काम हातात असलं की डोकं कमी बोलतं.

कॅल्शियमपाशी डोकं पुन्हा बोलू लागलं. आकडा कमी होता. नुसता कमी नाही, चुकीचा वाटावा इतका कमी. ताईची बाग चुनखडीच्या जमिनीवर आहे. तिच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, आंघोळीनंतर केस काड्यांसारखे होतात, नळाच्या तोट्या दर वर्षी बदलाव्या लागतात. त्या मातीतल्या देठात कॅल्शियम कमी यायला एकच मार्ग आहे. कॅल्शियम पानात एकदा शिरलं की बाहेर पडत नाही, पान जसं जुनं होतं तसं ते साठत जातं. माणसाला वय लपवता येतं, पानाला येत नाही. ही पानं कोवळी होती. फांदीवर जे पान घ्यायचं असतं त्याच्या वरचं, कदाचित त्याच्याही वरचं. आणि नायट्रेट शेंड्याकडच्या देठांत नेहमी कमीच असतं. ऐंशीच्या ऐंशी पानं चुकीची होती.

पण ताई चुकणारी नाही. आमच्या सूचनापत्रकात स्वच्छ लिहिलंय, 'फुलोऱ्यात, घडासमोरचे पान घ्यावे.' ते पत्रक मीच लिहिलंय. एखाददुसरं पान चुकेल, ऐंशी पानं कोणी चुकत नाही. ऐंशी पानं माणूस ठरवून घेतो. मग मी खुर्चीत मागे टेकलो आणि दंतवैद्याच्या यंत्राच्या आवाजातून, भट्टीच्या वासातून, कुठूनतरी खोलातून एक शब्द वर आला, जो मी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. आईपान.

मी सहा वर्षांचा होतो आणि मला कंडक्टर व्हायचं होतं. फुलोऱ्याचे दिवस होते, आप्पा कुठेसे गेले होते, ताई शाळेत होती. घड जिथे लागतात ती उंची बरोबर माझ्या हाताची होती. मी आप्पांचा पट्टा खांद्यावरून आडवा घातला, त्याला एक रिकामी पिशवी अडकवली आणि एका ओळीतल्या प्रत्येक वेलीला तिकीट दिलं. तिकीट म्हणजे घडासमोरचं पान. तोडायचं, कोपरा फाडायचा, वेलीच्या बुंध्याशी ठेवायचं, पुढे सरकायचं. एकाही वेलीला फुकट प्रवास करू दिला नाही. आप्पा आले तेव्हा मी ओळीच्या शेवटच्या टोकाला 'उतरा, उतरा' म्हणत होतो. त्यांनी ती उघडीबोडकी ओळ पाहिली. मारतील असं वाटलं, पण त्यांनी मारलं नाही. उकिडवे बसले, माझा पट्टा सरळ केला आणि म्हणाले, "हे बघ. घडासमोर जे पान असतं ना, ते त्याचं आईपान. ते घडाला जेवू घालतं. ते कधी तोडायचं नाही." मी अख्ख्या ओळीसाठी रडलो. रात्री जेवताना त्यांनी ते ताईलाही सांगितलं. ती अकरा वर्षांची होती. तिने घास हातात धरून ऐकलं आणि त्यानंतर तिच्या हातून ते पान कधी गेलं नाही. पानांची विरळणी करताना मजूर तिथे हात घालू लागले की ती म्हणायची, ते राहू द्या, ते आईपान आहे. तिने मजुरांनाही ते शिकवलं, बागेत तो नियमच झाला.

मला नोकरी लागली त्या वर्षी मी आप्पांना सांगितलं होतं, आम्ही तपासायला नेमकं तेच पान घेतो. ते खूप हसले. "अरे, ते मी तुझे हात आवरायला रचलं होतं," म्हणाले. मीही हसलो. ताईला सांगायचं दोघांनाही सुचलं नाही. मग इथे येऊन मी पत्रक लिहिलं, 'घडासमोरचे पान घ्यावे', आणि लिहिताना एकदाही हात थबकला नाही. माझ्यासाठी ती गंमत होती, म्हणून मी ती विसरलो. ताईसाठी ती आप्पांची आज्ञा होती.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्याहून कडक. गाठीचंही सांगितलं. त्यांनी कॅल्शियमचा आकडा पाहिला, मातीचं विचारलं, आणि म्हणाल्या, "नमुना सदोष आहे, हे मी गाठ न बघताही म्हटलं असतं. रद्द करा. फुलोरा अजून किती दिवस?" मी म्हणालो, "फार तर तीन." "मग उद्याच जा. पण तुम्ही आणलेला नमुना तुम्ही तपासायचा नाही. मी तपासेन. आकडा येईल तो येईल." मी म्हणालो, "तेच हवंय." आणि तेच हवं होतं. ही भीती निराळी होती, स्वच्छ होती. आधीच्या भीतीत आकडा माझ्या हातात होता.

सकाळच्या पहिल्या बसने गेलो. खिडकीपाशी बसलो, कंडक्टरने तिकीट फाडून दिलं तेव्हा मला हसू आलं आणि तो माझ्याकडे संशयाने बघत पुढे गेला. ताई बागेतच होती. डोक्याला फडकं, हातात कात्री. फुलोऱ्याचा तो वास होता, जो वास म्हणवत नाही इतका हलका असतो आणि तरी माणसाला तिथेच उभं करतो. ओळींच्या मध्ये शेंगांची रोपं गुडघ्यापर्यंत आलेली. मला बघून तिचा चेहरा उतरला. "तू मध्ये यायचं नाही ठरलं होतं," ती म्हणाली. "खाली आलंय का?"

"नमुना रद्द झालाय," मी म्हणालो. "ताई, तू कुठली पानं घेतलीस?"

तिने कात्री मिटली. "वरची," ती म्हणाली. "पत्रक वाचलं मी. चारदा वाचलं. पण मोजायचं म्हणून आईपान तोडायचं, ते नाही झालं माझ्याने. वाटलं, शेजारचं पान आहे, एवढा काय फरक पडणार."

मग मी तिला सांगितलं. पट्टा, पिशवी, तिकिटं, ती ओळ. आप्पांनी ते माझे हात आवरायला रचलं होतं आणि नंतर ते स्वतःच त्यावर हसले होते, हेही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की मी तिच्या हातून काहीतरी काढून घेतोय, जे अठ्ठेचाळीस वर्षं तिने जपलं आणि जे परत देता येणार नाही. ती रागावेल असं वाटलं, रडेल असंही वाटलं. ती पानांत हात घालून उभी राहिली.

"रचलेलं असेल," ती म्हणाली. "पण खोटं आहे का?"

उत्तर बावीस वर्षं माझ्याच टेबलावर पडलेलं होतं. "नाही," मी म्हणालो. "खोटं नाही. घडाला तेच पान जवळचं. म्हणून तर आम्ही तेच घेतो. घडाचं पोट भरलंय की नाही, ते त्यालाच सगळ्यात आधी कळतं."

"मग आप्पांना माहीत होतं."

"माहीत होतं की नाही, देव जाणे. पण बरोबर बोलले."

तिने विचारलं, "एका वेलीवरून एकच घ्यायचं?" "एकच." "आणि त्या घडाचं काय?" "बाकीची पानं सांभाळतात त्याला." "शेजारणी," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मग तिने घड एका हातावर अलगद घेतला, दुसऱ्या हाताने त्याच्या समोरचं पान देठापासून खुडलं आणि माझ्यापुढे धरलं. "घे, तिकीट."

ऐंशी वेली आम्ही हळूहळू केल्या. ती खुडायची, मी देठ काढून पिशवीत टाकायचो. पानं मी बाजूला टाकणार तेवढ्यात तिने ती काढून घेतली आणि ज्या वेलीची होती तिच्याच बुंध्याशी ठेवत गेली. मातीचं मातीला, म्हणाली. ओळीच्या टोकाला भाऊजी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या बुटांना कुजवलेल्या खताचा ताजा चिखल होता आणि हातात दाताळं होतं. मी खताच्या ढिगाकडे पाहिलं, ढीग नुकताच वरखाली केलेला होता, वाफ येत होती. ताई माझ्या कानाशी म्हणाली, "रोज पहाटे जाऊन खालीवर करतात. मला कळत नाही असं वाटतं त्यांना." भाऊजी खाकरले आणि म्हणाले, "मेहुणे, पैज पैजेच्या जागी. चहा घ्या." पिशवीला ताईनेच दोरा बांधला. एक बोट जागा सोडून.

मॅडमनी दोन दिवसांनी नमुना लावला तेव्हा मी बाहेर बाटल्या धूत होतो. स्वच्छ बाटल्या पुन्हा धूत होतो. दार उघडलं आणि त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. पाचशे चाळीस. मी म्हणालो, "पुन्हा एकदा लावा." "तीनदा लावलंय," त्या म्हणाल्या. "आणि कॅल्शियम आता त्या मातीला शोभेल एवढं आहे. फोन करा घरी, माझ्यादेखत करा." माझा जीव भांड्यात पडला, हे म्हणायला काही हरकत नाही, कारण हातातली बाटलीही पडली होती.

भाऊजींनी उचलला. "पाचशे चाळीस," मी म्हणालो. "म्हणजे वर." "वर." "चला, सुटलो," ते म्हणाले. "माझ्याने आता पोतं उचलवत नाही आणि हिला ते सांगायची सोय नव्हती." मागून ताईचा आवाज, काय म्हणतोय, काय म्हणतोय? मग तिने फोन घेतला. "खरं सांग, तू हात लावला नाहीस ना?" "मॅडमनी तपासलं. मी बाटल्या धूत होतो." "मग ठीक आहे," ती म्हणाली. मला ऐकू येत होतं की ती रडते आहे आणि मी ऐकतोय हे तिला माहीत होतं. माझेही डोळे भरले होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

अहवालाचे सगळे रकाने भरले. शेवटचा शेऱ्याचा. 'समाधानकारक' शिक्का खणात मागे होता, तो काढला. इतक्या दिवसांत त्याचं रबर कडक झालं होतं, शाई धरेना. कागदाच्या कपट्यावर दोनदा मारून पाहिला, नुसता पांढुरका ठसा उमटला. तो परत खणात ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात हाताने लिहिलं. 'जेवली आहे.'

मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली.